गळणारी पेट्रोलटाकी: डाख, अस्तर, की नवा पत्रा? एका जुन्या मोटारीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी साठच्या दशकाच्या अखेरची, चार दरवाज्यांची सेडान. कार्ब्युरेटरचं इंजिन, यांत्रिक पेट्रोलपंप आणि डिकीच्या तळाखाली दोन पोलादी पट्ट्यांवर आडवी टांगलेली सपाट टाकी. क्षमता साधारण ४५ लिटर. सध्याच्या मालकांनी गाडी घेतली तेव्हा बॉडीचं आणि इंजिनाचं काम आधीच झालेलं होतं. टाकीकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. तिच्यावर काळ्या अंडरकोटचा, म्हणजे गाडीच्या तळाला गंजू नये म्हणून फासतात त्या लेपाचा, जाड थर होता, आणि असा थर दिसला की आतला पत्रा धडधाकट असणार असं सगळेच गृहीत धरतात.

त्या काळातल्या बऱ्याच टाक्यांप्रमाणे हीसुद्धा शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची. दोन उथळ परातींसारखे भाग साच्यात दाबून काढायचे, मध्ये पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे ठोकायचे आणि काठाला काठ लावून सलग वेल्डिंगने शिवण घालायची, अशी ती घडण. भरण्याची नळी, सेंडरचं (टाकीतली पातळी इंधनमापकाला कळवणाऱ्या भागाचं) कडं आणि बाहेर जाणाऱ्या नळीचा सांधा हे सगळं नंतर डाख (सोल्डर) देऊन बसवलेलं. मुलामा शाबूत आहे तोवर हा पत्रा अनेक दशकं टिकतो. एकदा का तो एखाद्या ठिकाणी उडाला की त्याखालचं पोलाद साधंच असतं.

गाडी वर्षातून थोडेच दिवस चाले. उरलेला काळ अर्धी टाकी भरलेल्या अवस्थेत उभी. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

माझा या कामातला भाग तपासणीचा आणि नोंदी ठेवण्याचा. हत्यार चालवलं ते पत्र्याच्या मिस्त्रींनी, आणि शेवटचे निर्णय मालकांचे.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि मालकांच्या मनात त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पहिली म्हणजे टाकी काठोकाठ भरली की डिकीत पेट्रोलचा वास येई, पुढे तो कमी होई. काही महिन्यांनी गाडीखाली ओला डाग दिसू लागला. दुसरी म्हणजे लांब चढावर इंजिन अचानक दम टाके. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की पुन्हा नीट चाले. यावर पंपाचा पडदा बदलून झाला होता, नळीत उष्णतेने वाफ अडकत असेल म्हणून नळीवर आवरण चढवून झालं होतं. फरक शून्य.

थांबल्यावर आपोआप बरं होणारं इंजिन पाहिलं की मी आधी टाकीतली जाळी आठवतो. नळीच्या आतल्या टोकाला बारीक जाळी असते. टाकीत सुटे कण असतील तर ओढ वाढली की ते जाळीला चिकटतात, ओढ थांबली की खाली पडतात. पंपापाशी उतरलेल्या पेट्रोलच्या काचेत राखाडी, पातळ पापुद्रे दिसले. गंज तांबूस असतो. हे काहीतरी वेगळं होतं. आधीच्या मालकाने टाकीत गळतीबंद अस्तराचं द्रव ओतलं होतं हे नंतर कळलं. अशा द्रवांच्या जुन्या पिढीतली बरीच अस्तरं अल्कोहोलला टिकत नाहीत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं की ती मऊ पडून सालपटासारखी सुटतात. दोन्ही तक्रारींचं मूळ टाकीतच निघालं.

गळती नेमकी कुठून

पेट्रोल जिथे दिसतं तिथूनच गळतं असं नाही. ते शिवणीच्या काठाने वाहत जातं आणि सर्वांत खालच्या बिंदूला थेंब धरतं. इथे तर त्या बिंदूपाशी जुन्या इपॉक्सी पुट्टीचा ढेकूळही होता. साहजिकच सगळ्यांचं बोट त्या पुट्टीकडे.

अंडरकोट प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडून काढला. तारेचा ब्रश फिरवला नाही. ठिणगीचा प्रश्न आहेच, शिवाय गंजाने धरून ठेवलेलं छिद्र ब्रशने मोकळं होतं. पत्रा पुसून कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड फासली. पांढऱ्यावर ओल लगेच उमटते. उमटली ती दोन ठिकाणी: सेंडरच्या कड्याभोवती, आणि डाव्या पट्ट्याच्या कडेला. पुट्टीभोवतीची पूड कोरडी ठणठणीत.

पहिला निर्णय इथे आला. सेंडरचं कॉर्कचं गॅस्केट वाळून कडक झालं होतं. ते बदलायला टाकी उतरवावी लागत नव्हती, फक्त पेट्रोलची पातळी खाली आणायची. मालकांनी तेवढंच करायचं ठरवलं. पट्ट्याजवळची ओल किरकोळ आहे, ती बहुधा वरूनच ओघळत आली असेल, असा त्यांचा तर्क. तो अगदीच वेडा नव्हता. गॅस्केट बदलल्यावर डिकीतला वास खरोखरच गेला, आणि त्यामुळे सगळं निस्तरलं असं वाटून गाडी पुन्हा बाहेर निघू लागली.

डाग परत आला, या वेळी टाकी अर्धी असतानाही. वरून ओघळण्याचा प्रश्न उरला नव्हता. पट्ट्याखालचा पत्राच झिरपत होता.

टाकी उतरवणं

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीची वाट पाहत असते. पेट्रोलचा स्फुरणांक (ज्या तापमानाला ते पेटण्याइतकी वाफ सोडू लागतं) शून्याखाली सुमारे ४० अंश, म्हणजे कितीही थंडी असली तरी पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतंच. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर न घेता उघड्यावर, मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलली. बॅटरीची ऋण तार आधी काढली. पेट्रोल हाताच्या पंपाने धातूच्या डब्यात घेतलं, डबा आणि गाडी तारेने जोडून, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायला जागा उरली नाही. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी होतं. उजेडासाठी तारेचा बल्ब मुद्दाम वापरला नाही. तो पडून फुटला तर काय होतं हे सांगायला नको.

पट्टे सुटले आणि कारण समोर आलं. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये नमद्याची (जाड फेल्टची) पट्टी होती. कारखान्यातूनच ती तशी येत असे, पत्रा घासू नये म्हणून. पण नमदा चाकाने उडवलेलं पाणी पितो आणि सोडत नाही. पट्ट्याच्या रुंदीएवढी, टाकीच्या तळावर आडवी गेलेली गंजाची वाट दोन्ही बाजूंना स्पष्ट होती.

आतूनही तेच चाललं होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे टाकीत शिरलेलं पाणी तळाशी बसतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, प्रत्येक वेळी ओली हवा आत ओढते आणि ती ओल भिंतींवर धरून खाली उतरते. इथेनॉल पाणी शोषतं हे खरं, पण त्यालाही मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल नेहमीच्या तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवतं. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तोही खालीच जातो. टाकीचा सर्वांत खालचा भाग पट्ट्यांच्या रेषेवरच होता. म्हणजे एकच पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला जात होता.

पर्याय

मिस्त्रींनी टाकी उतरवली त्याच दिवशी टोच्या घेऊन पट्ट्याच्या रेषेवर बेताने दाबून पाहिलं. टोच्या आत गेला. मूळ पत्रा ०.९ मिमी जाडीचा. छिद्राभोवती हाताच्या दाबाने टोच्या जात असेल, तर तो पत्रा डाख धरण्याच्या लायकीचा उरलेला नसतो. या टोच्याच्या चाचणीला मी सगळ्या चर्चेपेक्षा जास्त वजन देतो. बाहेरून एकच छिद्र दिसत असलं तरी आपण दुरुस्त करणार असतो ते छिद्राभोवतीचं पोलाद.

तरी सगळे पर्याय मांडून पाहिले.

पुन्हा पुट्टी लावणं हा रस्त्यात अडकलेल्याचा उपाय. ओला साबण छिद्रावर घासण्याचाही असाच उपयोग आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरी पोचण्यापुरता धरतो. त्याला दुरुस्ती म्हणू नये.

डाख देऊन ठिगळ लावणं ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. कथील-शिशाचा डाख साधारण १८३ ते १९० अंश सेल्सियसला वितळतो. तांब्याचा जड खड्या (डाख वितळवायचं हत्यार) दूर कुठेतरी तापवून आणला तर टाकीजवळ ज्योत न्यावी लागत नाही. एखाद्या दगडाने पडलेल्या छिद्राला, भोवती निरोगी पत्रा असताना, मी हाच मार्ग सुचवेन. इथे ठिगळाचा काठ बसवायला निरोगी पत्रा शोधत गेलो तर ठिगळ जवळपास तळाएवढंच होत होतं.

नवं अस्तर ओतणं मालकांना सर्वांत आवडलेलं. आजची दोन घटकांची इपॉक्सी अस्तरं इथेनॉलला चांगली टिकतात. अडचण अशी की जुनं अस्तर पूर्ण निघाल्याशिवाय नवं चिकटत नाही, आणि जुनं अस्तर पडद्यांच्या मागे, जिथे हात पोचत नाही तिथेही होतं. सुट्या नट-साखळ्या टाकून टाकी हलवली तर मोकळ्या भागातलं निघतं, कोपऱ्यातलं राहतं. अस्तर पत्र्याला आधार देतं, पत्र्याची जागा घेत नाही. टोच्या आत जातो तिथे त्याच्या मागे उभं राहायला काहीच नव्हतं.

तयार नवी टाकी मिळाली असती तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. या मॉडेलच्या दोन दरवाज्यांच्या आवृत्तीसाठी नव्याने बनवलेली टाकी मिळत होती. तिची भरण्याची नळी दुसऱ्या बाजूला निघते आणि सेंडरच्या कड्याचे बोल्ट वेगळ्या मांडणीत आहेत. नळीसाठी बॉडीचा पत्रा कापावा लागला असता. मालकांनी ठाम नकार दिला आणि मला तो पटला.

ॲल्युमिनियमची टाकी घडवून घेणं शक्य होतं. हलकी, गंजत नाही. पण पोलादी पट्टे आणि ओल यांच्या संगतीत ॲल्युमिनियम वेगळ्या प्रकारे खाल्लं जातं, आणि कंपनांनी वेल्डच्या कडेला तडा जाण्याचा धोका नीट घडवलेल्या टाकीतच कमी असतो. आतले पडदे, हवेची नळी, सेंडरची खोली, सगळं नव्याने आखावं लागतं.

राहिली जुनी, दुसऱ्या गाडीवरची टाकी. मालकांनी ती आधीच मागवून टाकली होती. छायाचित्रात बाहेरून देखणी होती. आली तेव्हा पट्ट्यांच्या रेषेवर टोच्या टेकवला, आणि तीही तिथेच फुसकी. आश्चर्य वाटायचं कारण नाही. तोच नमदा, तेच पट्टे, तोच खालचा बिंदू. रचनेतला दोष त्या रचनेच्या प्रत्येक टाकीत त्याच जागी भेटतो.

निर्णय: वरची परात ठेवायची, खालची नवी

दोन्ही टाक्या शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट ठळक झाली. वरचे भाग दोन्हींचे चांगले होते. नळी, सेंडरचं कडं, हवेची वाट, वरच्या बाजूचे उंचवटे, म्हणजे घडवायला कठीण असं सगळं वरच्या परातीत. खालची परात म्हणजे साधा, चार बाजूंनी वळवलेला पत्रा आणि मध्ये पाणी काढण्याचं बुच. नवीन तळ घडवून मूळ वरच्या भागाला जोडायचा, असा विचार मिस्त्रींनीच मांडला. मूळ टाकीवरचा कारखान्याचा ठसाही वरच्या बाजूलाच होता. मालकांना त्याचं फार होतं.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटला. टाकी उघडणार म्हणजे जुनं अस्तर डोळ्यांसमोर ठेवून खरवडता येणार.

काम

सर्वांत मोठा धोका कापण्याच्या आधीच्या टप्प्यात होता. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक, कारण भरलेल्या टाकीत वाफेला हवाच फारशी मिळत नाही. टाकी गरम पाणी आणि साबणाने धुतली, मग बराच वेळ वाफेने शेकली. ज्वलनशील वायूच्या मीटरने पाहिलं, काटा शून्यावर. त्या दिवशी तिथेच थांबलो. सकाळी पुन्हा मीटर लावला तर काटा वर.

रात्रभरात वाफ आली कुठून? सुटत आलेल्या अस्तराच्या पापुद्र्याखाली आणि शिवणीच्या दुपदरी काठात अडकलेलं पेट्रोल हळूहळू बाहेर येत होतं. शेकलं तेव्हा वरवरचं गेलं, मुरलेलं राहिलं. संध्याकाळच्या शून्यावर विश्वास ठेवून कुणी ग्राइंडर लावला असता तर ही नोंद वेगळ्या प्रकारची झाली असती. अस्तर असलेली टाकी कितीही धुतली तरी तिला पेट्रोलमुक्त म्हणू नये, एवढं या प्रकरणातून मी पक्कं धरून आहे.

म्हणून कापण्याची पद्धत बदलली. टाकीत नायट्रोजनचा संथ प्रवाह सोडून, उघड्या जागेत, हाताच्या पत्राकात्रीने तळ काठाच्या आतून कापला. ग्राइंडर नाही, ज्योत नाही. तळ तसाही फेकायचाच होता, त्यामुळे कात्री वेडीवाकडी गेली तरी बिघडत नव्हतं. एक सूचना इथे द्यायला हवी. ज्वलनशील वायूचे बरेच साधे मीटर वायू जाळून मोजतात, त्यांना प्राणवायू लागतो. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत असा मीटर शून्य दाखवतो आणि तो शून्य खोटा असतो. मोजायचं ते आधी आणि नंतर, हवा खेळती असताना.

उघडल्यावर आतलं चित्र अपेक्षेपेक्षा वाईट होतं. पडद्यांच्या पायथ्याशी पापुद्रे, गंज आणि चिकट डिंकासारखा गाळ यांचा थर. जुन्या टाकीतल्या गाळात शिसं असू शकतं, एकेकाळच्या शिसंमिश्रित पेट्रोलचं, आणि मुलाम्यातही ते असतंच. हातमोजे आणि श्वसनाचा मुखवटा लावून गाळ ओलाच उचलला, कोरडा झटकला नाही. वरच्या परातीतलं अस्तर द्रावकाने मऊ करून खरवडलं. हलका गंज सायट्रिक आम्लाच्या पातळ द्रावणात ठेवून उतरवला. हे आम्ल सौम्य असल्याने डाखाच्या सांध्यांना सांभाळून घेतं. मिठाच्या आम्लाचा (हायड्रोक्लोरिक आम्लाचा) आग्रह एकाने धरला होता. ते मुलामाही खातं आणि धुतल्यावर पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो, म्हणून टाळलं.

उघड्या वरच्या परातीवर एक दिवसाआड मीटर लावत राहिलो. सलग शून्य राहिल्यावरच वेल्डिंगचा विषय काढला.

नवा तळ १ मिमीच्या साध्या पोलादी पत्र्याचा. जुन्या तळाचे तुकडे मोजायला समोर ठेवले होते. त्यात काही ठिकाणी जाडी मूळच्या निम्म्याहूनही कमी भरली. बुचाची जागा जशीच्या तशी ठेवली. आजच्या अनेक तयार टाक्यांत हे बुच नसतं. तळाशी साचलेलं पाणी काढण्याचा सोपा मार्ग त्यामुळे जातो. मला ते बुच गरजेचं वाटतं.

जोडणीत दोन अडचणी होत्या. वेल्डच्या काठावर मुलामा राहिला तर शिसं-कथील वितळलेल्या पोलादात मिसळून वेल्ड तडकतो आणि विषारी धूरही निघतो, म्हणून काठ स्वच्छ धातूपर्यंत घासला. दुसरी अडचण उष्णतेची. नळीचा सांधा डाखाचा, तो दोनशे अंशांच्या आतच पाणी होतो. त्याच्याभोवती ओली फडकी गुंडाळली, काठाच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या आवळल्या आणि टिग वेल्डिंग छोट्या छोट्या टप्प्यांत, समोरासमोरच्या बाजू घेत केलं. या टप्प्यात घाई केली असती तर सपाट पत्रा पोटात गेला असता.

चाचणी. टाकी हा दाबाचा डबा नव्हे, आणि कॉम्प्रेसरची नळी थेट लावणारे लोक टाकीचा फुगा करून बसतात. तळाचं क्षेत्रफळ साधारण ०.४ चौरस मीटर होतं. एक पीएसआय दाब, म्हणजे सुमारे ७ किलोपास्कल, दिला तरी तळावर २८० किलोंचा भार येतो. आम्ही पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरलं आणि ५० सेंटिमीटरचा फरक दिसेपर्यंत हळू हवा भरली. भरण्याच्या नळीच्या तोंडापर्यंत पेट्रोल असताना तळावर जो दाब येतो त्याहून हा थोडाच जास्त. तेवढाच हवा होता. साबणाच्या पाण्याने एका कोपऱ्यात बुडबुडे दाखवले. वेल्डचा शेवट तिथे सुरुवातीवर चढला होता. तो पुन्हा घेतला आणि पाण्याची पातळी रात्रभर जागची हलली नाही.

आतून अस्तर द्यायचं की नाही

इथे आमचं एकमत झालं नाही. मिस्त्री म्हणाले, नवा पत्रा उघडा आहे, मुलामा नाही, वेल्डजवळचा मूळ मुलामाही जळला आहे, आता इपॉक्सी अस्तर द्यायची उत्तम वेळ आहे, कारण पृष्ठभाग पुन्हा कधी इतका स्वच्छ मिळणार नाही. युक्तिवाद बिनतोड. मालक म्हणाले, एका अस्तराने आधीच इतकं छळलं, दुसरं नको.

मी मिस्त्रींच्या बाजूने होतो, पण एका अटीवर: बाहेर जाणारी नळी, हवेची वाट आणि बुचाचे आटे आधी बंद केलेले असावेत आणि जास्तीचं द्रव पूर्ण निथळावं. पडद्यामागे साचलेलं जाड अस्तर नीट वाळत नाही आणि तेच पुढे सुटतं. शेवटी अस्तर दिलं नाही. बदल्यात उभ्या गाडीची टाकी जवळपास भरलेली ठेवायची आणि ठरावीक काळाने बुचातून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून तळाशी पाणी आहे का पाहायचं, असं ठरलं. शिस्त पाळली गेली तर हा मार्ग चालतो. शिस्त मोडली तर उघडा पत्रा ते लगेच दाखवून देईल.

परत बसवताना

नमद्याची जागा पाणी न पिणाऱ्या सिंथेटिक रबराच्या पट्ट्यांनी घेतली. त्यांनी एक नवी गंमत केली. टाकी बसली, गाडी सुरू झाली आणि इंधनमापक निपचित पडून राहिला. नमदा ओला असायचा, पट्टे गंजके, त्यातूनच इतकी वर्षं सेंडरला अर्थिंग मिळत होतं. रबर आणि ताज्या रंगाने ते तोडलं. सेंडरच्या कड्यापासून बॉडीपर्यंत वेगळी तार टाकली आणि काटा जागा झाला. ही तार तशीही हवीच. पेट्रोल भरताना स्थिर वीज साचू नये म्हणून टाकी आणि भरण्याची नळी बॉडीला विजेने जोडलेली असावी लागते.

टाकीपासून पुढच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारच्या घातल्या. जुन्या नळ्या वाकवल्यावर तडकत होत्या. झाकणातलं हवेचं छिद्र मोकळं आहे ना, तेही पाहिलं. ते बुजलं तर उन्हात टाकीत दाब चढतो आणि चालताना उलट पोकळी होते. सगळे नवे सांधे दोन्ही बाजूंनी ताणले जातात.

परिणाम

वर्षभरात गळती नाही, डिकीत वास नाही. चढावर इंजिन दम टाकत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत पंपाच्या काचेत थोडी बारीक पूड आली, नंतर काच स्वच्छ राहिली.

इंधनमापक मात्र थोडं खोटं बोलतं. नवा तळ मूळच्यापेक्षा काही मिलिमीटर खोल झाला, त्यामुळे काटा शून्यावर टेकल्यावरही टाकीत थोडं पेट्रोल असतं. सेंडरचा दांडा वाकवून हे दुरुस्त करता येतं. मालकांनी ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वापरलेली टाकी मागवण्याआधी स्वतःची टाकी उतरवून दोष कुठे आहे हे पाहिलं असतं, तर विकणाऱ्याकडून पट्ट्यांच्या रेषेचं जवळचं छायाचित्र मागता आलं असतं. टाकी ‘चांगली आहे’ या उत्तराला काही अर्थ नसतो. ‘नमद्याखाली टोच्या लावून पाहिलात का’ हा प्रश्न विचारायचा.

सेंडरचं गॅस्केट बदलून थांबण्याचा निर्णय समजण्यासारखा होता. पण खडूच्या पुडीने दोन ओल्या जागा दाखवल्या होत्या. गॅस्केट बदलल्यावर लगेच दुसऱ्यांदा पूड फासून पाहिली असती तर पट्ट्याची गळती स्वतंत्र आहे हे तेव्हाच कळलं असतं, आणि मधले महिने गळती घेऊन गाडी फिरली नसती. वास गेला म्हणून निश्चिंत होणं धोक्याचं होतं.

दुसऱ्या टाकीची वरची परात मूळपेक्षा किंचित बरी होती. तीच वापरावी असं मी सुचवलं होतं. मूळ ठशासाठी मालकांनी नाही म्हटलं. ती आता कोरड्या जागी तेलाचा हात देऊन ठेवली आहे आणि नव्या तळाची मापं तिच्यासोबत बांधून ठेवली आहेत.

अस्तराचा वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या वेळी सेंडर निघेल तेव्हा टाकी रिकामी करून, हवा खेळवून, मीटर शून्य दाखवत राहिला की आतल्या नव्या तळाची पाहणी करायची आहे. बुचाभोवती तांबूस कडं धरलेलं दिसलं तर इपॉक्सी अस्तर द्यायला मालक तयार आहेत. नसेल तर बरणीची तपासणी आहे तशी चालू राहील.